मांस वगळलं, तरी क्यूबाची चव उरते का?

मायामीतल्या कुठल्याही क्यूबन रेस्टॉरंटमध्ये दुपारच्या जेवणाला गेलात, तर बहुतेक टेबलांवर साधारण सारखंच ताट दिसतं. पांढरा भात, वाडग्यात काळ्या बीन्सचं दाट कालवण, तळलेली पिकलेली केळी आणि या सगळ्याबरोबर मांसाचा एखादा पदार्थ. कधी लसूण आणि आंबट संत्र्याच्या रसात मुरवून भाजलेलं डुकराचं मांस, कधी ऑलिव्ह आणि मनुका घातलेला खिमा म्हणजे पिकादियो, तर कधी गोमांसाचे लांब धागे टोमॅटो आणि ढोबळ्या मिरचीच्या रश्शात शिजवलेली रोपा व्हिएहा. रोपा व्हिएहा हा तर क्यूबाचा राष्ट्रीय पदार्थ मानला जातो. १९५९च्या क्रांतीनंतर देश सोडलेल्या लाखो क्यूबनांनी हे जेवण फ्लोरिडात आणलं आणि जिवापाड जपलं. ‘काये ओचो’ या रस्त्यावर १९७१ साली सुरू झालेलं ‘व्हर्साय’ हे रेस्टॉरंट आजही त्यांच्या गाठीभेटींचा आणि राजकीय वादांचा अड्डा आहे. अशा ठिकाणी लोक भूक भागवायला जातात, तसेच आजीच्या हातची चव शोधायलाही जातात.

आता त्याच मायामीत, शिवाय लॉस एंजेलिससारख्या शहरांत, मांस, अंडी, दूध, चीज यांतलं काहीही न वापरता हेच ताट वाढणारी क्यूबन रेस्टॉरंट्स दिसू लागली आहेत. ती चालवणारी मंडळी अनेकदा स्थलांतरितांच्या मुलानातवंडांच्या पिढीतली असतात. त्यांना खाण्याची पद्धत बदलायची आहे, पण घरची चव सोडायची नाही.

पहिल्यांदा तिथे जाणाऱ्याच्या मनात साहजिकच शंका असते. ज्या जेवणात मांसाला इतका मान, त्यातून मांसच काढलं तर मागे राहणार काय? मी अशा ठिकाणी जेवल्यावर माझं मत पक्कं झालं: बरंच काही राहतं. क्यूबन चव ज्या गोष्टींवर उभी आहे, त्यांतल्या बहुतेक वनस्पतींपासूनच येतात. मात्र मांसाबरोबर जे जातं तेही खरं असतं. ते भरून काढायचं तर स्वयंपाक्याला चरबी, मीठ, धूर आणि वेळ या चौघांचं काम नीट कळावं लागतं. ज्याला ते कळतं त्याचं ताट समाधान देतं. ज्याला कळत नाही तो मांसाची हुबेहूब नक्कल करायच्या मागे लागतो आणि फसतो.

सगळ्याच्या तळाशी सोफ्रितो

क्यूबन स्वयंपाकघरात बहुतेक रस्सेदार पदार्थांची सुरुवात सोफ्रितोने होते. कांदा, हिरवी ढोबळी मिरची आणि लसूण बारीक चिरून तेलात मंद आचेवर परतायचं. कांदा लाल होऊ द्यायचा नाही. तो पारदर्शक होऊन गोडसर लागायला हवा. मग जिरेपूड, ओरेगानो, लॉरेलचं सुकं पान, बऱ्याचदा टोमॅटो आणि शेवटी ‘व्हिनो सेको’ नावाची स्वयंपाकाची पांढरी वाइन. खुद्द क्यूबात यात ‘आही काचूचा’ ही बुटकी, चपटी मिरचीही पडते. तिला सुवास भरपूर असतो आणि तिखटपणा जवळजवळ नसतोच.

क्यूबन जेवण तिखट नसतं, हे मराठी खवय्याने आधीच ध्यानात ठेवावं. झणझणीत रश्शाची सवय असलेल्या जिभेला पहिला घास सौम्य वाटतो. चार घास झाले की जिरं, लसूण, आंबटपणा आणि ढोबळ्या मिरचीचा गोडवा एकेक करून कळायला लागतो.

या एका फोडणीत दोन खंडांचा इतिहास मिसळला आहे. कांदा, लसूण, जिरं, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल स्पॅनिश लोकांबरोबर आलं. स्पेनच्या स्वयंपाकात जिऱ्याला जे स्थान मिळालं, त्यामागे तिथल्या शेकडो वर्षांच्या अरब राजवटीचा मोठा वाटा आहे. मिरची आणि टोमॅटो मात्र अमेरिका खंडातले.

दुसरा आधार म्हणजे मोहो. खलबत्त्यात लसूण आणि मीठ कुटायचं, त्यात जिरं आणि कडसर-आंबट संत्र्याचा रस घालायचा आणि कडकडीत तापलेलं तेल त्यावर ओतायचं. चर्र आवाज होतो, लसणाचा वास घरभर पसरतो; वरणावर वरून लसणाची फोडणी ओततात, त्याच जातीचं हे काम. लसूण कुटला की त्याच्या पेशी फुटतात, त्यातलं एक विकर कामाला लागतं आणि ॲलिसिन हे उग्र वासाचं द्रव्य तयार होतं. गरम तेल त्याचा उग्रपणा उतरवतं आणि सुवास मागे ठेवतं. आंबट संत्रं मिळालं नाही, तर साध्या संत्र्याचा आणि लिंबाचा रस एकत्र करतात. भाजलेल्या डुकराला जी खास क्यूबन ओळख मिळते, ती या मोहोमुळे. स्पेनमध्येही डुक्कर भाजतात, पण त्याची चव वेगळी असते.

सोफ्रितो आणि मोहो, दोन्हींत मांसाचा कण नाही. पूर्वी तेलाच्या जागी डुकराची चरबी सर्रास वापरत आणि अजूनही काही घरांत वापरतात. पण ऑलिव्ह तेलात केलेला सोफ्रितो हीसुद्धा तितकीच जुनी, स्पेनमधून आलेली रीत आहे. म्हणजे पाया बदलावा लागत नाही.

ताटाचा मोठा भाग मातीतूनच येतो

आता ताटातल्या इतर गोष्टी बघा. काळे बीन्स रात्रभर भिजवतात, ढोबळी मिरची आणि लॉरेलचं पान घालून मऊ शिजवतात, मग वेगळा केलेला सोफ्रितो त्यात उतरवतात. थोडे बीन्स चेचून रस्सा दाट करतात. शेवटी चमचाभर व्हिनेगर, चिमूटभर साखर आणि वरून कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार. दुसऱ्या दिवशी ते जास्त चांगले लागतात, म्हणून अनेक घरांत मुद्दाम आदल्या दिवशी करून ठेवतात. हे बीन्स म्हणजे आपला राजमा आणि साताऱ्याच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा ज्या जातीत मोडतात, त्याच वनस्पतीचं काळं वाण. भात आणि काळे बीन्स एकत्र शिजवले की ‘मोरोस इ क्रिस्तियानोस’ होतो. पूर्व क्यूबात लाल बीन्स घालून करतात, त्याला ‘कोंग्री’ म्हणतात.

इथे एक सावधगिरी हवी. नेहमीच्या क्यूबन रेस्टॉरंटमध्ये या बीन्समध्ये हॅमचं हाड किंवा खारवलेल्या डुकराचा तुकडा पडलेला असू शकतो, आणि कोंग्रीत तर तो असतोच असं धरून चालावं. त्यामुळे मांस न खाणाऱ्याने ‘नुसता भात आणि बीन्स द्या’ एवढं म्हणून भागत नाही, विचारून घ्यावं लागतं. पूर्ण वनस्पतिजन्य रेस्टॉरंटचा खरा फायदा इथे कळतो: तिथे चौकशी न करता ताटातलं काहीही उचलता येतं. हॅमच्या हाडातून दोन गोष्टी मिळतात, धुराचा वास आणि खारट खोली. धुराचा वास स्पेनच्या ‘पिमेंतोन’ या धुरावर वाळवलेल्या मिरचीच्या पुडीने आणता येतो. खोलीसाठी सोफ्रितो जास्त वेळ परतावा लागतो. घाई केली की बीन्स पचपचीत लागतात आणि दोष विनाकारण शाकाहाराच्या माथी येतो.

युका या कंदाची गोष्ट आणखी जुनी. १४९२च्या ऑक्टोबरमध्ये कोलंबस क्यूबाच्या किनाऱ्याला लागला, तेव्हा तिथले ताइनो लोक या कंदावर जगत होते. कडू युकात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. ताइनो लोक कंद किसून, विणलेल्या लांब नळीत भरून, पिळून त्याचा विषारी रस काढून टाकत आणि उरलेल्या चोथ्याच्या पातळ भाकऱ्या भाजत. ही ‘कासाबे’ महिनोन्‌महिने टिकते. क्यूबासह पाच देशांनी जपलेल्या या कासाबेच्या परंपरेला २०२४च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. आपण उपवासाला खातो तो साबुदाणा याच कंदाच्या स्टार्चपासून बनतो. पोर्तुगीजांच्या व्यापारातून हा कंद भारतात आला आणि आज तमिळनाडूतल्या सेलमच्या परिसरात त्याचे कारखाने आहेत. क्यूबन ताटात गोडा युका उकडून, मधला चिवट दोरा काढून, वर गरम मोहो ओतून वाढतात. तो मऊ, किंचित चिकट आणि पोटभरीचा असतो. त्यात बदलण्यासारखं काही नाही. तो पहिल्यापासून वनस्पतिजन्यच आहे.

केळ्याचंही तसंच. रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर उघडं असेल, तर तोस्तोनेस करताना जरूर बघावं. कच्च्या, टणक केळ्याचं साल सुरीने चिरा देऊन उकलावं लागतं, हाताने सुटत नाही. बोटाच्या दोन पेरांएवढे जाड तुकडे मध्यम तापलेल्या तेलात तळतात. ते पिवळसर झाले की बाहेर काढून, गरम असतानाच, बिजागरी लावलेल्या लाकडी दाबणीत ठेवून चपटे करतात. दाबल्यावर कडा फाटतात, आणि त्या तशा फाटायलाच हव्यात. मग लसूण आणि मीठ घातलेल्या पाण्यातून क्षणभर काढून, आधीपेक्षा जास्त तापलेल्या तेलात पुन्हा सोडतात. पहिल्या तळणीत आतला स्टार्च शिजून मऊ होतो. दुसऱ्या तळणीत पृष्ठभागावरचं पाणी झटकन उडून जातं आणि फाटक्या कडा कुरकुरीत होतात. तोस्तोनेस ताटात आल्याआल्या खावेत. दहा मिनिटं ठेवले की कडक होतात. साल काळं पडेपर्यंत पिकवलेलं केळं तळलं की होतात ‘मादुरोस’. पिकताना स्टार्चची साखर झालेली असते, म्हणून ते तेलात तपकिरी, गोड आणि मऊ होतात.

या जेवणात आफ्रिकेचा हातही मोठा आहे. उसाच्या मळ्यांवर राबवण्यासाठी लाखो आफ्रिकी माणसांना गुलाम करून क्यूबात आणलं गेलं. तिथली गुलामगिरी कायद्याने संपली ती थेट १८८६ साली. या माणसांनी कुटलेल्या केळ्याचा ‘फुफू’ केला, भेंडीचं ‘किंबोम्बो’ हे कालवण केलं. मळ्यांवर माणसं कमी पडू लागली, तेव्हा १८४७ पासून चिनी मजूर करारावर आणले गेले आणि त्यांच्या वस्त्यांतून तळलेला भातही क्यूबन झाला. फर्नांदो ओर्तिस या थोर क्यूबन अभ्यासकाने १९३९ साली हवाना विद्यापीठात दिलेल्या भाषणात क्यूबन संस्कृतीला ‘आहियाको’ची उपमा दिली. आहियाको म्हणजे कंद, मका, केळी, मांस असं हाती येईल ते घालून सतत उकळत ठेवलेलं कालवण. जुनं त्यात विरघळत जातं, नवं वरून पडत राहतं आणि भांडं चुलीवरून उतरतच नाही. ओर्तिसचं म्हणणं मान्य केलं, तर या भांड्यात आणखी एक नवा पदार्थ पडला म्हणून क्यूबनपण बिघडत नाही.

रोपा व्हिएहात फणस कसा शिरला

खरी कसोटी लागते रोपा व्हिएहावर. मूळ पदार्थात गाईच्या पोटाकडचा, लांब धाग्यांचा तुकडा घेतात. हे मांस चिवट असतं. ते दोन-अडीच तास पाण्यात उकळलं की स्नायूंच्या धाग्यांना बांधून ठेवणारं कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन होतं आणि धागे हाताने सुटे करता येतात. त्या पाण्याचं वेगळं सूप होतं. सुटे केलेले धागे मग सोफ्रितो, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि वाइनच्या रश्शात मुरवतात.

जरा विचार केला, तर या कृतीतच आपल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. मांसाने आपला बराचसा अर्क आधीच सुपाला दिलेला असतो. रोपा व्हिएहाच्या ताटलीत ते येतं, तेव्हा त्याचं मुख्य काम उरतं रस्सा धरून ठेवण्याचं आणि दाताखाली धागा देण्याचं. एकाच तुकड्यावर दोन जेवणं भागवणाऱ्या काटकसरी घरांचा हा पदार्थ आहे. चवीचा भार त्यात रस्सा उचलतो.

रस्सा धरणारे धागे कच्च्या फणसातही असतात. फणसाचं मूळ पश्चिम घाटातलं. कोकणात कोवळ्या फणसाची, म्हणजे कुयरीची भाजी घरोघरी होते; हाताला आणि विळीला तेल लावून, चिकाशी झटापट करत ती चिरणाऱ्यांना हे धागे चांगले ठाऊक आहेत. मॉरिशसहून निघालेलं एक फ्रेंच जहाज इंग्रजांनी १७८२ साली पकडलं, आणि त्यातून फणसाची रोपं जमैकात उतरली. कॅरिबियन बेटांशी फणसाची ओळख अशी जुनी आहे. अमेरिकेतल्या रेस्टॉरंटांत मात्र तो बहुतेक वेळा डब्यातून येतो, मिठाच्या पाण्यात ठेवलेला आणि बराचसा थायलंडचा.

डब्यातला फणस थेट रश्शात टाकला, तर पाणचट लागतो. जाणता स्वयंपाकी आधी तो धुऊन खारटपणा काढतो, पिळून पाणी काढतो, बोटांनी धागे सुटे करतो आणि तापलेल्या तव्यावर किंवा ओव्हनमध्ये कडा तपकिरी होईपर्यंत भाजतो. पाणी गेलेल्या जागेत नंतर रस्सा शिरतो आणि भाजल्यामुळे खमंगपणा येतो. जिलेटिनमुळे मूळ रश्शाला जो ओठांना चिकटणारा दाटपणा येतो, तो फणसातून मिळत नाही. त्यासाठी टोमॅटोचा रस्सा जास्त आटवावा लागतो आणि ऑलिव्ह तेलाचा हात सैल सोडावा लागतो. हिरवे ऑलिव्ह आणि भाजून सोललेल्या लाल ढोबळ्या मिरचीच्या पट्ट्या शेवटी पडल्या की खारट-गोड तोल साधतो.

मी खाल्लेल्या ताटलीत फणसाच्या धाग्यांमध्ये किंग ऑयस्टर मशरूमच्या देठाचे, काट्याने ओढून केलेले धागे मिसळलेले होते. ही जोडी मला फार आवडली. फणस नुसता असला की दाताखाली लवकर विरतो. मशरूम दाताला थोडा विरोध करतं आणि टोमॅटोतल्या ग्लुटामेटला आपल्या चवीची जोड देतं. भाताबरोबर कालवून घास घेतला तेव्हा पहिल्यांदा जिरं जाणवलं, मग ढोबळी मिरची, मग ऑलिव्हचा खारटपणा. हे गोमांस आहे असा भास झाला नाही, आणि होण्याची गरजही वाटली नाही. जेवण पूर्ण वाटत होतं.

जिथे सहज जमतं आणि जिथे अडतं

पिकादियोत बदल सर्वांत सोपा. त्यात खिम्याचे कण छोटे असतात आणि त्यांच्याभोवती ऑलिव्ह, केपर, मनुका, टोमॅटो अशी खारट-गोड-आंबट गर्दी असते. मांसात सुकामेवा घालायची ही अंदालुसियातून आलेली रीत चवीचं निम्म्याहून जास्त काम करून टाकते. खिम्याच्या जागी मसूर, सोया ग्रॅन्युल्स किंवा बारीक चिरून परतलेलं मशरूम आणि अक्रोड चालतात. हेच सारण उकडलेल्या बटाट्याच्या गोळ्यात भरून तळलं की ‘पापा रेयेना’ होतो. तोही मांसाशिवाय छान होतो.

क्यूबन सँडविच जास्त अवघड. फ्लोरिडातल्याच टॅम्पा शहराच्या ईबोर सिटीत सिगार वळणाऱ्या कामगारांच्या वस्तीत वाढलेलं हे सँडविच म्हणजे हॅम, भाजलेलं डुक्कर, स्विस चीज, काकडीचं लोणचं आणि मोहरीचं सॉस. टॅम्पावाले त्यात सलामीही घालतात आणि मायामीवाले त्यावरून त्यांच्याशी वाद घालतात. इथे मांसाच्या आधी पावाचाच प्रश्न येतो, कारण क्यूबन पाव डुकराच्या चरबीने मऊ केलेला असतो. टॅम्पात १९१५ पासून चालू असलेल्या ‘ला सेगुंदा’ बेकरीत भाजण्याआधी प्रत्येक लांब पावावर पामेटोच्या झावळीची ओली पट्टी ठेवतात आणि तिच्यामुळे पाव मधोमध सरळ रेषेत उकलतो. वनस्पतिजन्य रेस्टॉरंटला चरबीऐवजी वनस्पती तूप घालून पाव स्वतः भाजावा किंवा करून घ्यावा लागतो. मोहोत मुरवून भाजलेलं ऑयस्टर मशरूम डुकराची जागा बऱ्यापैकी घेतं. अडचण येते चीजची. दुधाच्या चीजमध्ये केसिन नावाच्या प्रथिनाचं जाळं असतं. उष्णतेने ते सैल होतं, म्हणून चीज ओढल्यावर ताणलं जातं. स्टार्च आणि खोबरेल तेलापासून केलेलं चीज वितळतं, पण तसं ताणलं जात नाही आणि थंड झालं की लगेच घट्ट होतं. म्हणून असं सँडविच दोन्ही बाजूंनी तापलेल्या दाबणीतून निघाल्याबरोबर खावं.

गोडात फ्लान हा असाच हट्टी पदार्थ. त्याचा थरथरता मऊपणा अंड्यातल्या प्रथिनांमुळे असतो. नारळाचं दूध आणि अगर-अगर वापरून केलेला फ्लान दिसतो तसाच आणि कॅरमेलही सुरेख असतं. पण अगरची वडी जिभेवर विरघळत नाही, तुटते, कारण अगर वितळायला ८० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. काही ठिकाणी कॉर्नफ्लोअर मिसळून ही अडचण कमी करतात. मला विचाराल तर तिथे फ्लानच्या मागे न लागता पेरूच्या घट्ट वडीचा ‘पास्तेलितो’ घ्यावा. लोणी किंवा चरबीऐवजी वनस्पती तुपाने पदर काढलेल्या या पेस्ट्रीत पेरूचा आंबटगोडपणा पुरेसा बोलतो. बरोबर बर्फ घातलेला ‘गुआरापो’, म्हणजे उसाचा रस, किंवा साखर फेटून फेस आणलेली कडक ‘काफेसितो’ कॉफी. या दोन्हींत दूध पहिल्यापासूनच नसतं.

टंचाईची आठवण

हे सगळं वाचून असं वाटेल, की मग क्यूबन माणसं या जेवणाचं स्वागतच करत असतील. तरुण करतात. वयस्कर मंडळींपैकी अनेकांच्या कपाळावर मात्र आठी पडते, आणि त्यामागचं कारण समजून घ्यायला हवं.

क्यूबात १९६२ साली रेशनकार्ड आलं. त्याच वर्षी अमेरिकेने व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी घातली. देशाचा बराचसा भार सोव्हिएत संघावर गेला. १९९१ मध्ये तो संघ कोसळला आणि क्यूबात ‘विशेष कालखंड’ म्हणून ओळखली जाणारी भीषण टंचाई सुरू झाली. तेल, खत, धान्य, मांस, सगळ्याचा तुटवडा. काही वर्षांतच अर्थव्यवस्था सुमारे एक तृतीयांशाने आकसली. गोमांसावर सरकारचा ताबा होताच. स्वतःची गाय परवानगीशिवाय मारली तरी तुरुंगवास ठरलेला. राष्ट्रीय पदार्थ मायामीत रोज शिजत होता आणि हवानातल्या घरांतून हद्दपार झाला होता.

त्या काळात लोकांनी पपनसाच्या कुळातल्या ग्रेपफ्रूटच्या सालीचा पांढरा जाड थर उकळून, कडूपणा काढून, लसूण-लिंबात मुरवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळला आणि त्यालाच मांसाचा तुकडा मानून जेवण केलं. केळ्याच्या सालींचा खिमा केला. रेशनवर सोया मिसळलेला खिमा मिळे, त्याचं नाव काढलं तरी त्या पिढीतले अनेकजण तोंड फिरवतात. नित्सा व्हियापोल या पाककृतीकार दूरचित्रवाणीवर ‘कोसिना अल मिनुतो’ हा कार्यक्रम १९५०च्या दशकाच्या आरंभापासून चालवत होत्या. सुबत्तेच्या काळात भरगच्च साहित्याच्या पाककृती सांगणाऱ्या या बाईंनी टंचाईत पद्धतच उलटी केली: आधी बाजारात काय आहे ते बघायचं आणि मग त्यातून काय होईल ते ठरवायचं. १९९२ मध्ये भारतातूनही मदत गेली. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या पुढाकाराने गोळा झालेला १० हजार टन गहू जहाजाने क्यूबाला पोहोचला.

शरीरांवर या काळाचे व्रण उमटले. माणसांचं वजन सरासरी साडेपाच किलोंनी घटलं. पुढच्या काळात मधुमेह आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी झाले, हे २०१३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवलं. पण त्याच टंचाईत ५० हजारांहून अधिक लोकांना दृष्टी आणि नसांचा आजार जडला, आणि त्यामागे ब गटातल्या जीवनसत्त्वांची कमतरता हे मोठं कारण होतं. लादलेल्या उपासमारीला आरोग्यदायी आहार म्हणणं हा त्या माणसांचा अपमान ठरेल.

म्हणून मला वाटतं, वनस्पतिजन्य क्यूबन जेवणाची बाजू मांडणाऱ्याने ही आठवण आदराने जवळ ठेवावी. ग्रेपफ्रूटच्या सालीचा तुकडा आणि फणसाची रोपा व्हिएहा यांची कृती सारखी दिसेल. फरक निवडीचा आहे. एक माणूस नाइलाजाने खात होता. दुसऱ्यासमोर मांस आहे आणि तो ते बाजूला ठेवतो. पहिल्याने भुकेत शोधलेल्या युक्त्या आता दुसऱ्याला भरल्या पोटी उपयोगी पडताहेत. त्या टंचाईतून क्यूबाने आणखी एक गोष्ट कमावली, ती म्हणजे शहरातली सेंद्रिय भाजीशेती. खत आणि डिझेल नसताना शहरांच्या मोकळ्या जागांत वाफे उभे राहिले. हवानाच्या पूर्वेला आलामार इथे १९९७ साली सुरू झालेली सहकारी बाग त्यातली सर्वांत नावाजलेली.

ताट मागवताना

पोषणाच्या बाबतीत एक गैरसमज टाळावा. फणस मांसासारखा दिसतो म्हणून तो मांसाइतका पौष्टिक ठरत नाही. शंभर ग्रॅम शिजवलेल्या गोमांसात २५ ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, फणसात जेमतेम दोन. ही तूट भरून काढतात काळे बीन्स: शंभर ग्रॅम शिजवलेल्या बीन्समध्ये जवळपास ९ ग्रॅम प्रथिनं आणि तितकाच तंतू. बीन्समध्ये कमी असलेलं मेथिओनिन भात देतो आणि भातात कमी असलेलं लायसिन बीन्स देतात. म्हणून या ताटात बीन्सचा वाडगा तोंडी लावण्यापुरता न घेता भरून घ्यावा. ब१२ हे जीवनसत्त्व मात्र यातल्या कशातही नाही. दूधदुभतंही सोडलेल्यांनी त्याची वेगळी सोय करायलाच हवी. आणि तळलेली केळी, तेलकट रस्सा, भात हे सगळं वनस्पतिजन्य असलं तरी जड आहे. ते सणाच्या जेवणासारखं अधूनमधून खावं.

अशा रेस्टॉरंटमध्ये गेलात, तर फणसाकडे वळण्याआधी काळे बीन्स, युका आणि तोस्तोनेस मागवा. या तिघांना फारसा बदल करावा लागलेला नाही, त्यामुळे स्वयंपाक्याचा हात तिथे लगेच कळतो. बीन्स दाट आहेत का, त्यांत सोफ्रितोचा गोडवा उतरला आहे का, शेवटचा व्हिनेगरचा आंबटपणा जागेवर आहे का, युकावरच्या मोहोत लसूण कच्चट तर लागत नाही ना, एवढं बघा. हे जमलेल्या स्वयंपाकघरातली रोपा व्हिएहा तुम्हाला निराश करणार नाही, कारण तिच्यातही चव याच सोफ्रितोतून येते. आणि बीन्सच फसले असतील, तर त्या ताटात मांस घातलं असतं तरी ते सुधारलं नसतं.